बधिर पायांना ट्रेकिंगचा बूट: खानदेशातल्या नवख्या मधुमेहींसाठी

बूट घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "कुठे लागतंय का?" मधुमेह मुरलेल्या माणसाला हे विचारून काही हाती लागत नाही. साखरेने नसा खराब झाल्या की पायाची जाणीव बोटांपासून वर कमी होत जाते. मग बूट चावतोय हे पाय कळवतच नाही. उलट घट्ट बूट बरा वाटतो, कारण पायात काहीतरी आहे एवढं तरी त्यात समजतं. त्यामुळे असे लोक हमखास एक-दोन नंबर लहान बूट घेऊन घरी येतात. यावर उपाय एकच: पायाला न विचारता हाताने, डोळ्याने आणि कागदाने बूट निवडायचा. कसा, ते खाली क्रमाने सांगतो. मी धुळ्याचा, साखरेच्या गोळ्या खाणारा, डोंगर मात्र न सोडलेला. सिकलसेल आणि आमवात असलेल्यांसाठीही शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी पाय तपासा, मग दुकान

घरी करण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. पलंगावर मोजे काढून आडवं व्हा आणि डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनीने हलकासा स्पर्श करायला सांगा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. स्पर्श कळला की तुम्ही "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर जाणीव कमी झाली आहे असं समजा. नातवंडांना हे काम द्याल तर गुदगुल्या होतील, म्हणून मोठ्या माणसाला सांगा.

चाचणी चांगली आली तरी एकदा डॉक्टरांना पाय दाखवाच. ते १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून जाणीव बघतात, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे एवढ्यासाठी नाशिक-पुणे गाठायची गरज नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: मी चढ-उताराचं चालू का, किती चालू, आणि मला वेगळा इनसोल (बुटाच्या आत बसणारा सुटा गादीतळ) लागेल का?

काही बाबतीत बुटाचा विषयच पुढे ढकलायचा. पायाला उघडी जखम असेल तर. चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, असं होत असेल तर. ते रक्तपुरवठा कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर. दुखत नसेल तरीही, किंबहुना दुखत नसेल तर जास्तच. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडून पाऊल बसत जाण्याचा एक प्रकार असतो आणि त्याची सुरुवात अशीच होते. त्यावर चालत राहिलं तर पायाचा आकारच बदलतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पूर्वी तळव्याला व्रण होऊन गेला असेल, तर तयार बूट घेऊ नका. अशांना मापाचं पादत्राण बनवून घ्यावं लागतं.

आणि घट्टे, कुरूप, भोवरी यांना घरी ब्लेड लावू नका. मेडिकलवर कॉर्न कॅप मिळते, तीही नको. तिच्यातलं आम्ल कुरपाबरोबर चांगली कातडीही खातं आणि बधिर पायाला त्याचा पत्ता लागत नाही.

माप संध्याकाळी, कागदावर

पाय दिवसभरात सुजतात. आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेत असाल तर त्यानेही घोटे सुजू शकतात. म्हणून माप संध्याकाळी घ्या, दिवसभराची कामं आटोपल्यावर.

जाड कार्डशीट घ्या. ट्रेकला वापरणार तेच मोजे घालून त्यावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसून घेतलेलं माप कामाचं नाही, कारण भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायची. दोन्ही पायांचं करा. क्वचितच दोन्ही सारखे निघतात. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत रुंद जागा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. मग दोन्ही आकार रेघेवरून कापून घ्या. हे दोन तुकडे दुकानात न्यायचे आहेत.

मोजे बुटाच्या आधी घ्यायचे. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, त्यात कातडी भिजून सोलते. लोकरमिश्रित किंवा सिंथेटिक मोजा बरा. बोटांजवळ जाड शिवण नको. असलीच तर मोजा उलटा घाला, शिवण बाहेर येईल. वरचं इलास्टिक पोटरीवर वळ उठवणारं नको. रंग पांढरा किंवा फिकट घ्या. काळ्या मोज्यात रक्त दिसत नाही, आणि आपल्या बाबतीत जखमेची पहिली बातमी बहुतेक वेळा मोजाच देतो.

आपल्या जमिनीला कोणता बूट

इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले बर्फाच्या किंवा सततच्या पावसाच्या देशांतले असतात. आपलं वेगळं आहे. लळिंग असो, भामेर असो की पाटणादेवीच्या वरचा कण्हेरगड, जमीन बेसॉल्टची: वर मोकळा मुरूम, उतारावर घसारा, मध्येच गुळगुळीत कातळ. पावसाळ्यानंतर गुडघ्याएवढं गवत आणि त्याची कुसळं. आणि सगळीकडे बाभूळ.

वॉटरप्रूफ पडदा असलेला बूट दुकानात भारी वाटतो. खानदेशात मी तो घ्यायला सांगणार नाही. बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, पण आतला घामही नीट बाहेर पडत नाही, आणि वर्षातले बहुतेक महिने आपल्याकडे पावसापेक्षा घाम जास्त असतो. भिजलेल्या कातडीला फोड लवकर येतो. पूर्ण जाळीचा बूटही नको. कुसळ जाळीतून आत शिरतं, मोज्यात रुततं आणि चालताना कातडीत जातं. धडधाकट माणूस "आई गं" म्हणून थांबतो, आपण चालत राहतो. मधला मार्ग असा: पुढच्या बाजूला आणि कडांना जाड कापड किंवा चामडं, वर थोडी बारीक जाळी, आणि जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली, म्हणजे खडे आत येत नाहीत. गवताच्या दिवसांत वरून गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंत झाकणारं कापडी आवरण, बांधा.

तळ निवडताना तीन गोष्टी हातानेच करायच्या. बूट टाच आणि नाकाकडून धरून वाकवा: तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळा: फार पिळला जात असेल तर घसाऱ्यावर पाऊल मुरगळेल. तिसरं, अंगठ्याने तळ दाबा. स्पंजसारखा सहज दबणारा तळ चालायला मऊ लागतो, पण बाभळीचा काटा त्यातून आरपार येतो. बाहेरून कडक रबर, खोल खाचा आणि आत मऊ थर असं हवं. खाचांचं एक दुखणंही सांगून ठेवतो: पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या शेतातून गडाकडे निघालात तर त्या गच्च भरतात आणि पायाला मातीचे गोळे लागतात. त्याला कुठलाच बूट पुरत नाही, काडीने खरवडत राहायचं.

उंची किती असावी? घोट्याच्या जरा वर येणारा बूट खडे आणि काटे अडवतो, शिवाय बधिर पाऊल वेडंवाकडं पडतं तेव्हा आधार देतो. मी तोच घेतो. ज्यांना फक्त तोरणमाळला यशवंत तलावाभोवती किंवा मनुदेवीपर्यंत फिरायचं आहे, त्यांना कमी उंचीचा चालेल.

चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे डांबर आहे, तेही तापलेलं. जड ट्रेकिंग बूट डांबरावर पाय शिजवतो. त्यांनी जाड, मऊ तळाचा, पुढे रुंद असलेला धावण्याचा बूट घ्यावा आणि पहाटे व संध्याकाळीच चालावं.

मधुमेहींना देतात त्या एमसीआरच्या, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलेबद्दल नेहमी विचारणा होते. घरात आणि बाजारात ती उत्तम. डोंगरावर नको; उघड्या चपलेत खडा शिरतो, आणि तो शिरलाय हे आपल्याला कळायला हवं ना!

दुकानात

धुळ्याचा आग्रा रोड असो, जळगावचं फुले मार्केट असो की डेकॅथलॉनसारखं मोठं दुकान, जायचं संध्याकाळीच, आणि गर्दी कमी असलेल्या दिवशी. सोबत मोजे, कापलेले कागद, डॉक्टरांनी दिला असेल तर इनसोल, आणि एक स्पष्ट बोलणारा माणूस.

बुटावरच्या नंबरावर विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा आठ दुसरीचा साडेसात असतो. आधी बुटातला सुटा इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. पाऊल कुठल्याही बाजूने इनसोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट तुमचा नाही, तो पायात घालूनही बघू नका. मग इनसोल परत बसवून तुमचा कार्डशीटचा तुकडा आत सरकवा आणि हात घालून चाचपा. तुकडा सपाट बसला तर रुंदी ठीक. कडा वर वळल्या किंवा घडी पडली, तर तुमचं पाऊलही तिथे तसंच चेपणार.

यात पास झालेला बूट पायात घाला, नाडी बांधा, उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी, म्हणजे साधारण अंगठ्याची रुंदी. ही जागा सोबतच्या माणसाने बाहेरून दाबून बघायची, कारण तुम्ही वाकलात की पाऊल मागे सरकतं. कडक नाकाच्या बुटात बाहेरून कळत नाही. तिथे इनसोलवर उभं राहून मोजलेली जागा धरा. बोटांच्या वरही मोकळीक हवी; ज्यांची बोटं आकड्यासारखी वळली आहेत त्यांनी तर आधी उंचीच बघावी. मग दुकानाचा जिना दोन-तीनदा उतरा, भराभर. उतारावर पाऊल पुढे घसरून बोटं बुटाच्या नाकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. टाच वर उचलली जाते का, हे मागून सोबत्याला बघू द्या.

निदान पंधरा-वीस मिनिटं बूट पायात राहू द्या. तेवढ्यात दुकानदार म्हणेलच, "घ्या ना भो, वापरता वापरता सैल व्हई जाई." चामडं थोडं सैल होतं हे खरं आहे. पण ते सैल करण्याचं काम आपली कातडी सोलून होणार असेल तर तो सौदा नको. आज बसतो तोच बूट घ्यायचा. दोन्ही पायांत फरक असेल तर मोठ्या पायाच्या मापाचा घ्या आणि लहान पायाखाली पातळ इनसोल घाला.

किमतीचं विचाराल तर दीड-दोन हजारांपासून कामाचे बूट मिळतात. ॲक्शन ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीतले जुने भटके कातळावरच्या पकडीसाठी अजूनही वाखाणतात. महाग बूट तुमच्या पायाच्या आकाराचा असेलच असं नाही. पैसे वाचवून दोन जोड्या चांगले मोजे घ्या. बदलून देण्याची अट मात्र बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

घरात मुरवणं

नवा बूट थेट डोंगरावर नेऊ नका. पहिल्या दिवशी घरातल्या फरशीवर अर्धा-एक तास, तळ स्वच्छ ठेवून, म्हणजे परत द्यायची वेळ आली तर अडचण नाही. मग बूट-मोजे काढून उजेडात बसा आणि पाय बघा. तळवा दिसत नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा खाली धरा. दृष्टीवर परिणाम झालेला असेल तर दुसऱ्याने बघावं. लाल डाग दिसला की घड्याळ लावा. वीस-तीस मिनिटांत तो गेला तर हरकत नाही, राहिला तर बूट तिथे दाबतोय. त्या जागेवरची नाडी फुलीने न ओढता सरळ वरच्या भोकात न्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तरीही डाग येत असेल तर बूट परत. चामड्याचा असेल आणि परत घेत नसतील तर बूट दुरुस्त करणाऱ्याकडून तेवढी जागा लाकडी साच्यावर ताणून घेता येते.

रोज थोडा वेळ वाढवा. दोन आठवडे तरी लागतील.

पहिल्या वाटा

पहिलं चालणं गावाजवळ ठेवा, वाटेत कुठेही सोडून परतता येईल असं. धुळेकरांना लळिंग सोयीचा: महामार्गालगत, पायथ्याशी गाव, मुरूम आणि कातळ दोन्ही, आणि परतायला वेळ लागत नाही. चाळीसगावकरांनी पाटणादेवीचं मंदिर आणि आसपासचं जंगल घ्यावं, कण्हेरगड नंतर. यावल-रावेरकडच्यांना मनुदेवी किंवा पाल. साल्हेर, १५६७ मीटरचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, सगळ्यांनाच खुणावतो. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून जास्तच. पण त्याचा उतार लांब आहे आणि बूट खरा उतारावर कळतो. तो शेवटी. दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा रात्रीची आणि गर्दीची असते, पाय थांबून बघायला सवड मिळत नाही. बधिर पाय असलेल्यांना मी ती सुचवत नाही.

बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी तो उलटा करून झटका आणि आत बोटं सावकाश फिरवा. सावकाश अशासाठी, की तळातून घुसलेल्या काट्याचं टोक आत वर आलेलं असतं आणि ते बोटाला टोचतं. बोटाला टोचलेलं कळतं हे आपलं नशीब. नंतर बाहेरून तळ बघून काटा पकडीने ओढून काढा.

चालताना दर तासाला थांबा, बूट काढा, पाय बघा, मोजा ओला असेल तर बदला. सोबतचे कंटाळतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. उतार सुरू होण्याआधी नाडी घोट्याजवळ पुन्हा बांधा. कुठे लालसर दिसलं तर तिथेच मऊ चिकटपट्टी लावून परत फिरा. फोड आला तर फोडायचा नाही, हळद भरायची नाही. स्वच्छ, कोरडी पट्टी लावायची आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

पाय लटपटायला लागले तर बुटाला दोष देण्याआधी साखर मोजा. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर चढावर झपाट्याने उतरते. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखर ठेवा. चिक्की नको, शेंगदाण्यातल्या तेलामुळे तिचा गूळ उशिरा लागू होतो. इन्सुलिनचं पेन पाठीवरच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात तापतं. ओल्या कापडात गुंडाळून, आत खोल ठेवा.

मंदिरात बूट काढावे लागतात आणि नेमकं तिथेच भाजतं. उन्हात तापलेली फरशी बधिर तळव्याला समजत नाही. जाड मोजे पायात राहू द्या आणि दर्शन सकाळी उरका. अडावदजवळच्या उनपदेवला गेलात तर गरम झऱ्यात पाय सोडून बसण्याचा मोह टाळा. पाय धुवायचे झाले तर पाणी आधी हाताच्या कोपराने बघा.

साखरेखेरीज दुसरे आजार

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याच्या हाडाजवळ व्रण होण्याचा धोका असतो आणि तो लवकर भरत नाही. त्यांनी बुटाची कॉलर नेमकी घोट्याच्या हाडावर संपणारी घेऊ नये. एक तर हाडाच्या खाली राहणारी, नाहीतर बरीच वर जाणारी आणि आतून गादी असलेली घ्यावी. पाणी कमी पडणं, दमछाक आणि थंडी यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून बुटाआधी डॉक्टरांची परवानगी.

आमवाताचं गणित उलटं आहे. इथे पाय सगळं सांगतो, जरा जास्तच. कडक तळाचा, पुढे किंचित वर वळलेला बूट बोटांच्या सांध्यांना कमी वाकवतो, म्हणून दुखणं कमी होतं. सकाळी बोटं आखडलेली असताना नाडी बांधणं हाच ट्रेक होऊन बसतो. इलास्टिकची नाडी आणि सरकवायचं बटण लावून घ्या. उन्हामुळे लवकर निघायचं आणि आखडल्यामुळे उशिरा निघायचं, ही ओढाताण मात्र बुटाने सुटत नाही. थंडीचे महिने निवडा. बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्यांची कातडी पातळ झालेली असते, त्यांनी पाय तपासण्याचे वरचे सगळे नियम आपलेच समजावेत.

माळ्यावरचा बूट

पुतण्याने वापरलेला, माळ्यावर ठेवलेला बूट कुणी प्रेमाने दिला तर नाही म्हणा. दुसऱ्याच्या पावलाने त्याचा आतला साचा बनलेला असतो. शिवाय पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, न वापरता ठेवला तरीही, आणि उष्णतेने ते लवकर होतं. वरून बूट नवा दिसतो आणि अर्ध्या वाटेत तळ सुटून हातात येतो. स्वतःचा बूटही असाच तपासत राहा. टाच एका बाजूला झिजली, खाचा सपाट झाल्या, आतलं अस्तर टाचेजवळ फाटलं की तो शेतात किंवा अंगणात वापरायला काढा. नवा घेताना पुन्हा संध्याकाळी कार्डशीटवर उभे राहा, जुनं माप चालवू नका. पाय या आजारात रुंदावतात आणि आकारही बदलतात.